पेडण्याच्या बुवांची चाल

ते गाणं लागलं तेव्हा कृष्णनाथाचं तोंड गुलाबी लगद्याने गच्च भरलेलं होतं, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं. तोंड मोकळं असतं तर त्याने विचारलं असतं, हे काय लावलंत बाई, तिने काहीतरी सांगितलं असतं, आणि तो वाळपईच्या बाजारातून मिरच्या घेऊन कारापूरला घरी गेला असता. पण वरच्या जबड्याचं माप घेताना चार मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही, नाकाने श्वास घ्यायचा, अशी डॉक्टरणीची ताकीद होती. पाळी गावच्या खाणीवर एकतीस वर्षं ट्रकांची वजनं घेतलेल्या माणसाला, काटा ठरेपर्यंत न हलण्याचं महत्त्व कोणी शिकवायला नको होतं. तो पडून राहिला. कपाटावरच्या लहानशा स्पीकरमधून आधी एक जाड तार वाजली, रिकाम्या पिंपावर कोणी बोटांनी टकटक करावी तशी, मग एक माणूस गाऊ लागला, आणि कृष्णनाथाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आमच्या वाड्यावरची चतुर्थीची आरती कोणीतरी चोरून इंग्रजीत केली आहे. हा विचार जवळजवळ अर्धं कडवं टिकला. तोवर त्याची बोटं खुर्चीच्या हातावर आरतीतलं मातीचं घुमट वाजवू लागली होती. गाण्यातला एक शब्द त्याला कळत नव्हता, तरी प्रत्येक वळण येण्याआधी ठाऊक होतं. जिथे तो माणूस श्वास घेई तिथे याचाही श्वास नाकात अडकत होता. मग शेवटचं कडवं आलं. इथून आरती खाली उतरते. मंद होत, जड होत, एकेक शब्द ओढत, अख्खा वाडा, सगळी बावीस घरं, डोळे मिटून उतरत जातो आणि तळाशी पोचला की थोडा वेळ कोणी बोलत नाही. कृष्णनाथ मनातल्या मनात उतरू लागला, आणि गाणं वर गेलं. टिपरचा हौदा वर उचलला जातो तसं ते उठत गेलं, आणि हौद्यातलं खनिज सरसरत खाली यावं तसं चव्वेचाळीस वर्षांचं काहीतरी त्याच्या आत घसरत पायापर्यंत आलं. डोळ्यांतून पाणी वाहून दोन्ही कानांत शिरलं. डॉक्टरीण म्हणाली, झालं काका, झालं, खालचं माप एवढं दुखत नाही.

खरं तर वरचंही दुखलं नव्हतं. लगदा निघाल्यावर त्याने दात नसलेल्या तोंडाने गाणाऱ्याचं नाव विचारलं. डॉक्टरीण तिशीची होती, विनोदिनी नावाची, आणि रोगी माप देऊन झाल्यावर बिलाऐवजी गाण्याबद्दल विचारतो आहे याचा तिला इतका आनंद झाला की तिने औषधाच्या चिठ्ठीवरच, दुखण्याच्या गोळीखाली, नाव लिहून दिलं : अर्ल विदरबी. तिच्या वडिलांकडे त्याच्या जुन्या तबकड्या होत्या. एकाहत्तर सालचं गाणं, म्हणाली. मध्ये तीस वर्षं तो कुठेतरी मेंढ्या पाळत होता, आता पुन्हा गातो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. तिने ते गाणं कृष्णनाथाच्या मोबाइलवर पाठवलंही. खाली औषधाच्या दुकानात चिठ्ठी दिली तेव्हा दुकानदाराने ती लांब धरून वाचली, गोळ्या काढल्या आणि म्हणाला, दुसरं आमच्याकडे नाही, पणजीला मिळालं तर बघा. कृष्णनाथाने मान हलवली. जेवणाआधी की जेवणानंतर, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ओठांना आत टेकायला काही नव्हतं.

साखळीला दातांचे तीन डॉक्टर होते. कारापूरहून चालत जाता आलं असतं. तरी तो बस पकडून वाळपईला का गेला, हे बायकोने, म्हणजे विमलाने, तीनदा विचारलं होतं, आणि त्याने तीन वेगवेगळी कारणं दिली होती. खरं कारण असं की साखळीच्या तिन्ही डॉक्टरांकडे जाताना वाटेत सगुणचं दुकान लागे. सगुण तिथे आधी रेडिओ-टेप दुरुस्त करायचा, नंतर टीव्ही, आता मिक्सर आणि पंखे. चव्वेचाळीस वर्षांत कृष्णनाथाच्या घरातलं जे जे बिघडलं ते डिचोलीला गेलं, एकदा तर विजेची इस्त्री थेट म्हापशाला जाऊन आली. लोकांना वाटे, हा माणूस वस्तूंच्या बाबतीत फार चोखंदळ आहे.

परतीच्या बसमध्ये त्याला जनेलाशी, वाऱ्याच्या बाजूला जागा मिळाली. जीभ रिकाम्या हिरड्यांवरून फिरत होती, नवं घर बघायला आल्यासारखी, आणि तोंडात अजून लगद्याची गोडसर चव होती. एकोणऐंशी सालची चव मात्र वेगळी होती, कडू, जिभेच्या टोकाला झिणझिणणारी. सेल जिवंत आहे की मेला हे बघायला तो जिभेला लावायची त्यांची रीत होती. सगुणच्या बहिणीचं, पद्मावतीचं सासर पेडण्यात, हरमलला. तिच्या घरात एक फॉरेनर भाड्याने राहायचा. तो माडाखाली बसून दिवसभर काही करत नसे आणि संध्याकाळी त्याचा थकवा घालवायला समुद्रात जाई. पावसाळ्याच्या तोंडावर तो निघून गेला आणि ओझं नको म्हणून टेपरेकॉर्डर मागे ठेवून गेला, आत कॅसेट तशीच. पद्मावतीला तो आवाज ऐकून भाकरी करपल्यासारखं वाटे, म्हणून तिने तो भावाला दिला. सगुणने हरमललाच नवे सेल घालून ती कॅसेट एकदा अखेरपर्यंत ऐकली. मग तो ते यंत्र पिशवीत घालून कारापूरला आला. येता येता बसमधल्या लोकांनी इतक्यांदा लावायला सांगितलं की घरी पोचेपर्यंत सेल दमले होते. कृष्णनाथाने गाणं ऐकलं ते त्या दमलेल्या सेलांवर, लागोपाठ तीन संध्याकाळी. तो तेवीस वर्षांचा होता, वाड्यावर आरत्या सांगायचा, आणि चतुर्थीला यंदा काहीतरी नवीन हवं म्हणून हैराण होता. तिन्ही वेळा ते गाणं त्याच कडव्यापाशी पोचून जड झालं, आवाज माणसाचा होता तो रेड्याचा झाला, आणि असा उतरत उतरत थांबला, की कृष्णनाथाच्या अंगावर काटा आला. देव पाण्यात सोडताना असंच वाटतं, तो म्हणाला. सगुण म्हणाला, सेल गेले ते, कृष्णा. गाणं वर जातं. मी हरमलला ऐकलंय.

नवे सेल शनिवारी आणायचे ठरलं. शुक्रवारी यंत्राने कॅसेट खाल्ली. आतली फीत इतकी गुरफटली की ती कापून काढावी लागली, आणि मग जगात त्या गाण्याच्या दोनच प्रती उरल्या, एक सगुणच्या कानात आणि एक कृष्णनाथाच्या. कृष्णनाथ गळ्याचा गोड आणि तोंडाचा जोरकस असल्यामुळे त्याची प्रत चालली. पंधरा दिवसांत बावीस घरांनी चाल उचलली. पहिल्याच आरतीला शेजारची सरस्वतीकाकी शेवटच्या कडव्यात रडली, आणि आजवर कोणाच्याही तेराव्यालासुद्धा न रडलेली ती बाई रडली म्हटल्यावर चालीबद्दल बोलायला काही उरलं नाही. कुठली रे चाल, असं मधुकरभटांनी विचारलं तेव्हा कृष्णनाथ म्हणाला, पेडण्याच्या एका बुवांची. हे अगदीच खोटं नव्हतं. हरमल पेडण्यात आहे. पण दुसऱ्या दिवशी भटांना आठवलं की आपल्या वडिलांनी त्या बुवांना पाहिलं होतं, तिसऱ्या दिवशी बुवा एका डोळ्याने अधू झाले, आणि पुढे शहाण्णव साली आरती मंडळाची खोली बांधली तेव्हा चिटणीस रघुनाथने म्हापशाच्या एका मोडीत निघालेल्या फोटो स्टुडिओतून पगडीवाल्या कुणा अनोळखी गृहस्थाचा फोटो आणून, बुवांचे डोळे कसे बोलतात बघा, असं म्हणत तो भिंतीवर लावला. त्यांची पुण्यतिथी कोजागिरीच्या आदल्या दिवशी असते. त्या दिवशी उसळ-पाव होतो. कृष्णनाथाने बुवांवर दोनदा भाषण केलं आहे. दुसऱ्या वेळी तर त्याला खरोखर गहिवरून आलं होतं.

हे सगळं गमतीचं होतं, आणि बस पर्येच्या वळणावर कलली तेव्हा तो स्वतःशी थोडा हसलाही. पण त्या पहिल्या वर्षीच्या पाचव्या दिवसाची आरती गमतीची नव्हती. पेटीवर सगुण होता. शेवटच्या कडव्याला सगळा वाडा खाली उतरला आणि सगुणची पेटी एकटी वर गेली. चूक म्हणून नव्हे, शांतपणे, बघून घ्या असं सांगत. कृष्णनाथाने हात वर करून आरती थांबवली. पेटलेली निरांजनं हातात धरून सगळे उभे होते. तो म्हणाला, पेटी वाजवता येत नसेल तर कासाळं घे हातात, झांज काय लहान पोरंसुद्धा वाजवतात. लोक हसले. सगुणने भाता मिटला, पेटीवर पांघरूण घातलं, ते चारी बाजूंनी नीट खोचलं आणि गेला. आरती पुन्हा पहिल्यापासून झाली. त्यानंतर दर चतुर्थीला तो हरमलला बहिणीकडे जाऊ लागला. यात कृष्णनाथाला बोचणारी गोष्ट भांडणाची नव्हती. ती त्याने आजवर कोणाला, अगदी विमलालाही सांगितली नव्हती. ते चार सेल त्याने दुसऱ्या संध्याकाळनंतर उघडीप बघून कौलांवर उन्हात ठेवले होते. मेलेले सेल उन्हात तापवले की थोडे उठतात, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे सेल गेलेले नाहीत असं जो चारचौघांत सांगत होता, त्यानेच ते कौलावर वाळत घातले होते. त्याला ठाऊक होतं. निदान त्याच्या हातांना ठाऊक होतं.

घरी आल्यावर विमलाने पेज वाढली आणि चिठ्ठी वाचून विचारलं, अहो, हे दुसरं औषध कसलं? तो म्हणाला, आवाजाचं. दात बसवायला अकरा दिवस होते आणि चतुर्थीला अठरा. यंदा आरती सांगशील ना, असं वाड्यावर विचारणं सुरू झालं होतं. दातांपेक्षा लोकांना शेवटच्या कडव्याची काळजी होती. कृष्णनाथ रोज दुपारी मागच्या पडवीत कदेल टाकून, तिच्या पाठीला टेकून बसे आणि मोबाइल कानाला लावून ते गाणं ऐके. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा कोणाचं तरी फार वेळ ऐकून घेतो आहे. आठव्या-नवव्या वेळी त्याला गाण्यातला माणूस दिसू लागला. तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता आणि आपण वर जाणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. पडवीसमोर भाताचं शेत होतं. एकोणऐंशीत भात निसवल्यावर आईने, जानकीने, कॅसेटची ती कापलेली फीत पाखरं हाकायला ह्या शेतावर खुंट्यांना ताणून बांधली होती. वारा आला की ती घुमायची, उन्हात चमकायची, आणि पाखरं फिरकली नाहीत. गोव्याच्या शेतीला अर्ल विदरबीचा झालेला हा एकमेव उपयोग. तेव्हा कृष्णनाथ घुमणाऱ्या शेतातून सकाळी खाणीच्या गाडीकडे जाई आणि कान बंद केल्यासारखा चाले. आता पडवीत बसून त्याला वाटलं, सगुणला सांगायचं राहिलं तर काय होईल? काहीच होणार नाही. तो मरेल, हा मरेल, आणि बुवांची पुण्यतिथी चालू राहील. ह्या 'काहीच नाही'ने त्याला इतकं अस्वस्थ केलं की दात यायची वाट न बघता, चौथ्या दिवशी, छत्री घेऊन तो साखळीला निघाला.

दुकान आठवत होतं त्यापेक्षा लहान होतं. सगुण एका मिक्सरचं पोट उघडून आत बघत होता. केस गेले होते, भिंग कपाळावर बांधलेलं होतं. त्याने मान वर केली, कृष्णनाथाकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे, आणि म्हणाला, काय बिघडलं? कृष्णनाथ म्हणाला, मी चुकलो. दात नसल्यामुळे ते नीट उमटलं नाही. सगुणने भिंग वर सरकवलं आणि म्हणाला, काय? कृष्णनाथाने पुन्हा सांगितलं. सगुणने कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा शेजारच्या दुकानातला शिंपीसुद्धा शिलाई थांबवून ऐकत होता. मग सगुण शांतपणे म्हणाला, "पयल्याच खेपेक आयकू इलेलं. बस."

कृष्णनाथ स्टुलावर बसला. त्याने सेलांचं सांगितलं, कौलांचं, कासाळ्याचं वाक्य, सगळं. दुसऱ्या कोणाची तक्रार नोंदवायला आल्यासारखं, क्रमाने. सगुण मिक्सरचे स्क्रू बशीत एका बाजूला लावत होता. सांगून झाल्यावर कृष्णनाथाने मोबाइल टेबलावर, त्या उघड्या मिक्सरशेजारी ठेवला आणि गाणं लावलं. सगुणने डोळे मिटले नाहीत. तो दाराबाहेर बघत राहिला, आणि शेवटच्या कडव्याला गाणं उठलं तेव्हा त्याच्या उजव्या हाताची करंगळी टेबलावर एकदा टेकली, बस, तेवढंच. म्हणाला, हरमलला असंच होतं. मग, "तुमच्या शेताच्या मेरेवर उभो ऱ्हवान आयकलंय मी. आयेन तुझ्या फीत बांधलेली तेव्हा. वारो वाढलो की तिचो आवाज वर जायचो." कृष्णनाथ म्हणाला, इतकी वर्षं टेपचं दुकान होतं तुझं, कुठूनही कॅसेट मागवून माझ्या तोंडावर मारता आली असती. सगुणने बशीतला एक स्क्रू दुसऱ्याच्या जागी ठेवला. "तू येतलंय म्हणान वाट बघी होतंय," तो म्हणाला. "मी हाडून दाखवलेलं असतं तर तू नव्या सेलांनी वर जाता म्हटलं असतंस."

त्यांच्या लक्षात आलं नाही, पण मोबाइल थांबला नव्हता. गाणं संपल्यावर त्याने आपल्या मनाने पुढचं लावलं होतं. आधी खोकल्यासारखा एक आवाज, मग एकच गिटार, संथ, मध्ये मध्ये बसून घेणारी. आणि एक म्हातारा तेच गाणं गाऊ लागला. तोच तो. मेंढ्या पाळून परत आलेला. आवाजाची कडा झिजलेली होती, शब्दांच्या सुरुवाती राहिल्या होत्या आणि शेवट वाऱ्यावर गेले होते. पहिली कडवी त्याने जपून ओलांडली, निसरड्या मेरेवरून जावं तशी. शेवटच्या कडव्यापाशी तो थांबला. शिंप्याचं मशीनही बंद होतं. मग तो खाली उतरला. वर जायचा प्रयत्नसुद्धा न करता, मंद होत, जड होत, एकेक शब्द ओढत, तळीच्या पायऱ्या उतरून पाण्याला पाय लावावा तसा तो तळाशी गेला आणि तिथे राहिला. ही कारापूरची आरती होती. अगदी तीच, सरस्वतीकाकीच्या जागेसकट. कृष्णनाथाने घाईने मोबाइल उचलून चार्जिंग पाहिलं. बहात्तर टक्के होतं.

सगुणने त्या काळ्या काचेकडे पाहिलं. मग त्याने भिंग कपाळावरून काढून टेबलावर ठेवलं.

"म्हणजे ह्येचेय सेल गेले," तो म्हणाला.

हसायला कोणी सुरुवात केली ते सांगता येत नाही. कृष्णनाथाचं हसणं दातांविना नुसत्या वाऱ्यासारखं येत होतं, आणि सगुण पोट धरून टेबलावर वाकला तेव्हा बशीतले स्क्रू जमिनीवर सांडले. दोघे म्हातारे खाली बसून स्क्रू वेचत राहिले. टेबलाखाली, कृष्णनाथाच्या हाताला हात लागला तेव्हा, सगुणने विचारलं, बुवांचं काय करणार? कृष्णनाथ म्हणाला, तू म्हणशील तर मंडळात उभं राहून सांगतो. सगुण म्हणाला, राहू देत. उसळ बरी असते म्हणे. मग चतुर्थीला येशील का, हे कृष्णनाथाने विचारलं. हरमलची माणसं वाट बघतात, एवढंच सगुण म्हणाला. एक स्क्रू शेवटपर्यंत सापडला नाही.

दात अकराव्या दिवशी आले. ते फार पांढरे आणि फार सरळ होते, विमला म्हणाली, दुसऱ्याच कोणाशी बोलल्यासारखं वाटतं. पडवीत बसून तो त्या दातांना आरती शिकवू लागला. चतुर्थीच्या दिवशी सगुण आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, दीड दिवसाच्या गणपतीच्या निरोपाची आरती कृष्णनाथाच्याच घरी होती. माणसं ओसरीपर्यंत भरली होती, घुमटं तापवून झाली होती, आणि पेटीवर बसायच्या धाकूला कृष्णनाथ म्हणत होता, थांब थोडा. कितीदा थांबायचं याला मर्यादा असते. त्याने नारळ सरळ केला, जास्वंदीचं फूल उगाच उचलून पुन्हा ठेवलं. मग शेताच्या बाजूने, मेरेवरून, छत्री मिटत सगुण आला. पायांना चिखल होता. त्याने पाय धुतले, कोणाशी न बोलता धाकूला खांद्याने सरकवलं, पेटीवरचं पांघरूण काढून त्याची नीट घडी केली आणि भाता सोडला. जुनी माणसं एकमेकांकडे बघू लागली. तरुणांना वाटलं, साखळीचे पंखेवाले आले.

शेवटचं कडवं जवळ येऊ लागलं तसे कृष्णनाथाचे नवे दात एकमेकांवर वाजू लागले. आपण वर जायचं की खाली, हे त्याने ठरवलं नव्हतं. सगुण वर गेला तर आपण त्याच्यामागे जायचं, वाडा काय म्हणायचं ते म्हणो, एवढंच त्याने स्वतःला सांगितलं होतं. ते कडवं आलं. वाड्याने डोळे मिटले आणि वाडा उतरू लागला. सगुणची पेटी उतरू लागली. त्यांच्याबरोबर, पायरीला पायरी लावून, कुठेही घाई न करता, जणू ती चव्वेचाळीस वर्षं हीच चाल वाजवत आली होती. कृष्णनाथाला वाटलं, याने मला माफ केलं, आणि ते माफ करणं त्याला अजिबात आवडलं नाही. तेवढ्यात त्याला ते ऐकू आलं. सगळ्या उतरत्या आवाजांच्या वर, अगदी बारीक, एक वरचा सूर धरून ठेवलेला होता. सगुणची चार बोटं वाड्याबरोबर खाली जात होती, आणि करंगळी वर होती. ती हलत नव्हती. त्या दोहोंच्या मध्ये कृष्णनाथाला उभं राहायला पुरेशी जागा होती, तिथे उभा राहून तो गायला, आणि सगळे तळाशी पोचले, घुमटं थांबली, नेहमीसारखं कोणी बोलेना, तरी तो सूर भात्यात वारा होता तोवर चालू राहिला.

धाकू पुढे वाकून हळूच म्हणाला, "काका, पेटीची वरची पट्टी अडकल्या."

"अडकू दे," कृष्णनाथ म्हणाला.